काचखोलीतली नवमी

२१ सप्टेंबर २०२५, धार

धार-देवासच्या मराठी कारागिरांनो! तुमच्या पणजोबांनी पवारांच्या शिलेखान्यात तलवारी घासल्या, पारजल्या. लढणाऱ्याचं नाव राहिलं, तलवारीचंही राहिलं. पारजणाऱ्याचं कुठे आहे? पुण्याला लग्नाला गेलात तर तुम्ही ‘ते तिकडचे हिंदीवाले’. इथे कचेरीत कागद पुढे केलात तर ‘अच्छा, मराठी लोग’. तीनशे वर्षं आपण दोन घरांच्या मधल्या बोळात उभे आहोत आणि दोन्ही खिडक्यांतून एकच प्रश्न येतो: कोण आहे?

इथवर लिहून थांबले. दसऱ्यानंतरच्या मेळाव्याचं भाषण आहे. समाजाचे अध्यक्ष मोरोपंत फोनवर म्हणाले, “विद्युल्लताताई, यंदा आग लावून द्या.” मी म्हटलं, मोरोपंत, दरवर्षी तीच ओली लाकडं फुंकून माझे डोळे गेले. पण यंदा सुकं लाकूड मिळालंय.

माझा धाकटा भाऊ विश्वासराव. देवासला उज्जैन रोडवर त्याचा सुट्या भागांचा कारखाना आहे. तिथे सध्या एक डबा तयार होतोय. दिसायला जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, पण तो जाणार आहे एका लघुग्रहावर. माणूस नाही जायचा. यान एकटंच जाईल, यांत्रिक हात लांब करून त्या दगडाची मूठभर माती उचलेल, ती या डब्यात घालेल, झाकण मिटेल आणि डबा पृथ्वीवर परत येईल. सूर्याभोवतीचं हे सगळं जन्मलं तेव्हाची माती! तिला पहिला स्पर्श होणार तो आपल्या देवासच्या धातूचा.

मेळाव्यात हे मी सांगेन तेव्हा पाहू कोण टाळ्या थांबवतो.

२४ सप्टेंबर, देवास

नवरात्राची गर्दी. टेकडीवर देवीला जाणाऱ्यांच्या रांगेत बस अडकली. कारखान्यात पोचले तर दारातच चिराग. विश्वासरावाचा लेथवरचा कारागीर, जुन्या ओळखीच्या घरातला मुलगा; आता मुलगा कसला, तिशीचा झालाय. इकडच्या सवयीने मलाही ‘भिया’ लावत म्हणाला, “आत्याजी, जरा लांबून बोला भिया. तुमचा आवाज चढला की माझ्या मशीनचा नंबर हलतो.”

“आधी तोंडातली तंबाखूची पुडी थुंक, मग मला शिकव.”

“ती बाहेर चपलांबरोबर ठेवून येतो मी. काचखोलीत उर्वीदीदी देवालासुद्धा टोपी घालायला लावेल.”

सगळे हसले. उर्वी म्हणजे विश्वासरावाची मुलगी, माझी भाची. इंदूरला इंजिनिअर झाली आणि परत बापाच्या कारखान्यात आली. हे काम तिच्यामुळेच मिळालं. कारखान्याच्या मागच्या अंगाला तिने काचेची खोली बांधून घेतलीय. आत हवा गाळून जाते, माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकून जातो. तिथेच डब्याची जुळणी चालते. मला काचेबाहेर उभं करून ती आतून फोनवर बोलत होती. नुसते डोळे दिसत होते.

डब्याशेजारी रुपयाएवढी एक चकती उघडी ठेवलेली होती. मी विचारलं, ही कशाला?

“ही साक्षीदार. खोलीतून जे डब्यावर बसेल ते हिच्यावर पण बसेल. माती परत आली की शास्त्रज्ञ आधी हिला बघणार. जे हिच्यावर आहे ते आपलं. जे हिच्यावर नाही ते तिथलं.”

“आणि हिने खोटी साक्ष दिली तर?”

“ती खोटं नाही बोलत, आत्या. पण जे तिच्यासमोर झालं नाही ते तिला माहीत नसतं.”

मग मी खंडेनवमीचा विषय काढला. आमच्या घराण्यात नवमीला हत्यारांबरोबर हातातल्या कामाचीही पूजा होते. पातं आणि मूठ जिथे मिळतात त्या सांध्यावर हळद-कुंकवाचं बोट ओढायचं, नर्मदेचं पाणी सोडायचं. सांध्यावरच, कारण हत्यार तुटतं ते तिथे. पुढे तलवारी गेल्या, नांगराचे फाळ आले, पंप आले, गिअर आले. बोट सांध्यावरच राहिलं. पंचवीसेक वर्षं ते बोट माझं आहे, आई गेल्यापासून.

उर्वी बाहेर आली, टोपी काढली आणि म्हणाली, “नाही.”

एवढंच. मग माझं तोंड पाहून जवळ बसली. “आत्या, तिथली माती कशी आहे ते विचारायला चाललोय आपण. आपलीच माती घेऊन गेलो तर आपण आपल्यालाच भेटून परत येऊ. मापासाठी केलेला पहिला डबा आहे ना बाहेर, अगदी तसाच? त्याची पूजा कर. हार घाल, नारळ फोड, भाषण पण दे.”

“उद्या म्हणशील नवऱ्याऐवजी त्याच्या फोटोला माळ घालते.”

“चालेल की. फोटो घोरत तरी नाही.”

हसू आलं मला. पण विश्वासराव हसला नाही. तो काचेतून आत बघत होता.

२७ सप्टेंबर, धार

झोप नीट नाही. मी विज्ञानाच्या आड येणारी बाई नाही. आयुष्यभर मुलींना इतिहास शिकवला, ग्रहणात स्वयंपाक केला, नवससायास मोडीत काढले. पण एक गोष्ट मला खुपते. यान उडवणारे लोकसुद्धा उड्डाणाआधी नारळ फोडत असतीलच. मग बंदी कोणाच्या बोटाला? कारागिराच्या. ज्याने घडवलं त्याने हात लावायचा नाही, आणि लावायचा तर नकली डब्याला!

सायंकाळी विश्वासरावाचा फोन. म्हणाला, “ताई, दादा गेल्यापासून एक काम पूजेशिवाय दाराबाहेर गेलं नाही.” दादा म्हणजे आमचे वडील. मी म्हटलं, मुलगी नाही म्हणते ना. तो म्हणाला, “नवमीला कारखाना बंद असतो. उर्वी आईला घेऊन टेकडीवर जाणारे.”

२९ सप्टेंबर, धरमपुरी

घाटावर आले. नर्मदा अजून गढूळ आहे, पावसाचं पाणी उतरलेलं नाही. तांब्या भरून ठेवून दिला, गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पाणी घेईन. नावाडी विचारत होता, “बाई, घर बांधून ऱ्या के?” मी म्हटलं, घराहून मोठं काही.

१ ऑक्टोबर, देवास. खंडेनवमी

झालं.

सकाळी मोठ्या दालनात सगळ्यांसमोर लेथ, ड्रिल, पक्कड-हातोडी आणि तो नकली डबा यांची पूजा केली. चिरागने मशीनला एवढी झेंडूची फुलं लावली की मी म्हटलं, वरात काढायचीय का? पेढे वाटले, लोक गेले. उर्वी आईला घेऊन टेकडीवर गेली.

विश्वासरावाने काचखोलीचं दार उघडून दिलं. स्वतः आत आला नाही. पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, लवकर.”

मी हातपाय धुतले होते. सोवळ्यातली रेशमी माहेश्वरी नेसले होते. आत पाय ठेवला तर पंख्यांची एकसारखी घरघर, जणू खोलीच श्वास घेतेय. साक्षीदार चकतीवर सुट्टीसाठी झाकण ठेवलेलं होतं. डबा कापडाखाली. कापड उचललं. काय सांगू, इतकी वर्षं घराण्याची कामं पाहिली, असं देखणं काम पाहिलं नाही. झाकण जिथे डब्याला मिळतं तिथे केसाएवढी खाच आहे. तोच सांधा.

हळद-कुंकू पाण्यात कालवून अनामिकेने त्या सांध्यावर ओढलं. वरून नर्मदेचे चार थेंब सोडले. पाणी क्षणभर खाचेवर थांबलं आणि आत गेलं. डोळ्यांदेखत गेलं. अंगावर काटा आला. आई म्हणायची, पाणी धातूवर घरंगळलं तर देवीने नाकारलं, शोषलं तर घेतलं.

मग पदराने सगळं स्वच्छ पुसलं. वर काही दिसत नव्हतं. कापड होतं तसं घातलं. विश्वासरावाने दार लावलं आणि माझ्या पाया पडला. तो माझ्या पाया पडत नाही कधी, दिवाळीलाही चुकवतो.

आता मेळाव्यात मला खोटं बोलावं लागणार नाही. हात आपला लागलाय.

४ ऑक्टोबर

दिवाळीपर्यंत इथेच राहते आहे. उर्वी खुशीत आहे. आज माझ्यासाठी कचोऱ्या आणल्या. “आत्या, थँक यू. मला वाटलं होतं तू ऐकणार नाहीस.” कचोरी खाली ठेवली. पाणी प्यायले. सांगितलं नाही. तिला आनंद होण्यासारखी गोष्ट आहे ही, पण आजच नाही. डबा निघून गेल्यावर सांगेन.

नखांतला पिवळेपणा अजून गेलेला नाही. आईचीही बोटं अशीच असायची.

७ ऑक्टोबर

अवकाशमोहिमेच्या अंकिता मॅडम तपासणीला आल्या. तरुण बाई, मोजकं बोलतात. त्या आणि उर्वी आत, आम्ही बाकीचे काचेबाहेर. आतले दिवे घालवून त्यांनी जांभळ्या प्रकाशाचा एक लहान दिवा डब्यावर धरला. उर्वी म्हणते, स्वच्छ धातू त्या प्रकाशात काळा राहतो, घाण असली तर चमकते.

सांध्यावर एक बारीक रेघ चमकली. हिरवट पिवळी.

चिराग म्हणाला, “काजवा बसला की काय?” कोणी हसलं नाही. उर्वीच्या हातातला चिमटा खाली पडला, काचेतूनही आवाज आल्यासारखा वाटला.

बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं, “छुट्टी में कोई अंदर गया था?”

विश्वासराव म्हणाला, “नहीं जी. कमरा बंद था.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर विचार केला, बरोबरच आहे. मॅडमनी घाणीबद्दल विचारलं. देवाची गोष्ट परक्या माणसाला तपासणीच्या टेबलावर कशाला सांगायची? आणि मी तर पुसून आले होते. पुसलेलं चमकत नसतं.

त्यांनी सांधा रसायनाने धुतला, पुन्हा दिवा धरला. रेघ नाही. शेरा दिला: ठीक.

९ ऑक्टोबर

चमकलं ते काय, यावर घरात बोलणं निघालं. उर्वी म्हणाली, तेल असेल, हातमोज्यातलं काही असेल, तिला कळत नाहीये. विश्वासराव शांतपणे भात कालवत म्हणाला, “तंबाखू पण चमकत असेल.”

उर्वी म्हणाली, “बाबा, चिराग आत पुडी घेऊन जात नाही.”

“तू चोवीस तास असते का तिथे?”

मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. पिवळी रेघ, थुंकी, पुडी! इतकं साधं. जेवणही गेलं नाही संतापाने. आम्ही सोवळ्याने जायचं आणि याने थुंकायचं? विश्वासरावाने आज त्याला कामावरून कमी केलं. तो माझ्यासमोरून गेला, म्हणाला, “आत्याजी, तुम्ही तर ओळखता ना मला?” मी मान वळवली.

११ ऑक्टोबर

डबा सीलबंद झाला. आता तो उघडायचा तर कापावाच लागेल, असं उर्वी म्हणाली. १८ तारखेला सकाळी गाडी घेऊन जाणार.

१२ ऑक्टोबर. मेळावा

माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. सभागृह भरून लोक जिन्यात उभे होते. डब्याचं सांगितलं तेव्हा म्हातारे रडले. मग मी म्हटलं, “आपल्या कामावर डाग दिसला! तो डाग कारागिराच्या हाताचा नाही. ज्याला कामाचं सोवळं कळत नाही त्या तोंडाचा आहे! अशा तोंडाला आपल्यात जागा आहे का?” सगळे ओरडले, नाही! नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. तो मागच्या ओळीत आईबरोबर बसला होता.

माणसं वळून पाहू लागली. एकेक रांग. शेत वाऱ्याने एका बाजूला झुकावं तशी. त्या क्षणी मला माझ्या आवाजाची थोडी भीती वाटली. लिहून ठेवते.

१४ ऑक्टोबर

चिरागची आई बकुळा आली. उंबऱ्याच्या आत येईना. मी म्हटलं, ये गं, चहा घे.

“चहा नको, ताई. तुम्ही मोठ्या. तुम्ही बोलता तर लोकांना खरं वाटतं.” पदर तोंडावर धरून उभी होती. “सयाजी द्वाराजवळ पोरांनी धरला त्याला. तोंड उघड म्हणे, बघू दे. तोंडात माती घातली.”

मी म्हटलं, “पोरांनी चूक केली. मी तसं सांगितलं नव्हतं.”

“नाही सांगितलं. खरंय. नाव बी नाही घेतलं तुम्ही.” तिने तोंडावरचा पदर खाली केला. “तो विचारतो, आत्याजी नवमीला आमच्यानंतर मागं कशाला थांबल्या होत्या? मी बोलली, घरच्या आहेत, थांबतील.”

ती गेल्यावर उर्वी आतल्या दारात उभी दिसली. कधीपासून होती, ठाऊक नाही.

१५ ऑक्टोबर

हे जसं झालं तसं लिहिते.

सकाळी उर्वी माझ्या खोलीत आली. पडदे ओढले, दार लावलं. “आत्या, नवमीला तू आत गेली होतीस?”

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, “गेले होते. देवाचं काम केलं. तुला सांगणारच होते.”

“काय काय लावलं?”

सांगितलं. हळद, कुंकू, नर्मदेचं पाणी, सांध्यावर. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, “पाणी कुठे गेलं?”

“आत. देवीने घेतलं.”

ती खाली बसली. जमिनीवरच. मग खिशातून तो जांभळा दिवा काढला, माझी माहेश्वरी खुंटीवरून ओढली आणि पदरावर धरला. अंधारात पदर पेटला. हिरवट पिवळा, तसाच. मग तिने माझा हात धरून दिवा बोटांवर आणला. अनामिकेच्या नखाच्या कडेला बारीकशी कोर चमकली.

मी हात मागे ओढला. ते मी नाकारत नाही.

“चिराग नाही, आत्या. तू आहेस,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “वरचं धुतलं गेलं. खाचेतलं आत गेलंय, तिथे दिवा पोचत नाही. त्यात हळद आहे, झाडाची. नदीचं पाणी आहे, त्यात किती जीव! माती परत येईल, लोक त्यात ते शोधतील, आणि चकती म्हणेल मला माहीत नाही, म्हणजे ते तिथलंच. अख्ख्या जगाला आपण खोटं सांगणार. कोणाला कळणार पण नाही.”

“हळद कधी घाण झालीय का, उर्वी? हळदीने माणूस शुद्ध होतो.”

“माणूस होतो ना! दगडाला काय करायचंय शुद्ध होऊन?” मग माझे दोन्ही हात धरले. “मी मॅडमना सांगणार आहे. पण माझं ऐकून ते म्हणतील, मुलगी घाबरली, शेरा तर ठीक आहे. तू सांग. तू बोललीस की ऐकतात. एकच वाक्य: मी लावलं. डबा कापतील, धुतील, उशीर होईल, काम जाईल आपलं. जाऊ दे. चिरागचं पण नाव धुतलं जाईल.”

मी म्हटलं, विचार करते.

हजारो वाक्यं बोलले असेन आजवर. तोंडात हे दोन शब्द घोळवून पाहिले. मी लावलं. ते माझ्या आवाजात बसेनात.

१६ ऑक्टोबर

विश्वासराव संध्याकाळी गच्चीवर आला. मी त्याला दिव्याचं सांगितलं.

“ताई, या गावात कोणाच्या बोटाला हळद नाही? तुझ्या पदराला असणारच, तू स्वयंपाक करते. त्या दिव्याखाली अख्खं देवास चमकेल.”

हे मला पटलं. खरोखरच पटलं. असा साधा विचार मला कसा सुचला नाही?

“आणि शेरा मिळालाय ठीकचा. तो खोटा का? एवढ्या शिकलेल्या बाईने दिला.” मग हळू म्हणाला, “उर्वीवर दबाव आहे. मोठ्या शहरातल्या कंपन्यांना हे काम हवं होतं. त्यांना बघवत नाही देवासने केलेलं. पोरीच्या मनात भरवलंय कोणी. तारीख चुकली तर तो लघुग्रह लांब निघून जातो, मग कित्येक वर्षं थांबा. आपलं नाव कायमचं पुसलं जाईल. एकदा गाडी निघाली की कोण फोडतं डबा?”

“मग तू मॅडमना खोली बंद होती का म्हणालास?”

“तुझ्यासाठी,” तो म्हणाला. “तुझ्यावर कोणी बोट दाखवायला नको.”

लहानपणी तो माझ्यामागे लपायचा. आता किती मोठा झालाय. डोळे भरून आले.

१७ ऑक्टोबर

उर्वी दुपारपासून काचखोलीत आहे. आतून कडी घातलीय. डबा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलीय, टोपी-मास्क सगळं घालून. तिने मोहिमेला कळवून टाकलं. तिकडून निरोप आला की समिती उद्या दुपारी येऊन पाहील, तोवर डबा हलवायचा की नाही ते कारखान्याने ठरवावं. विश्वासराव म्हणतो, ठरवलं. गाडी सकाळीच काढू. उर्वी म्हणते, समिती येईपर्यंत हा डबा माझ्या हातातून जाणार नाही.

मी काचेपाशी गेले. तिने फोन उचलला.

“जेवली नाहीस, बाळा.”

“आत जेवण आणता येत नाही. तुला माहीत आहे.” हसली असावी, डोळे बारीक झाले. “मी ठीक आहे, आत्या. मला काढायला येऊ नको. सांगायला ये. उद्या दुपारी. बस.”

विश्वासराव माझ्यामागे उभा होता. त्याने काचेवर हात ठेवला आणि म्हणाला, “पोर हातची गेली, ताई. स्वतःला काही करून घेईल ती. आतली हवा बंद पडली तर? मला दार फोडायला माणसं दे.”

मला ती घाबरलेली वाटली नाही. हेही लिहून ठेवते. ती मला फार शांत वाटली, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. माणूस इतका शांत कधी असतो? जेव्हा त्याच्या मनात दुसऱ्या कोणीतरी घर केलेलं असतं तेव्हा. मी वाचलंय अशा माणसांबद्दल. त्यांना त्यांच्या तावडीतून ओढून काढावं लागतं. ती रडतात, चावतात, नंतर आभार मानतात.

दुपारी समिती येईल आणि मला विचारेल. त्याआधी गाडी गेलेली असली तर विचारण्यासारखं काही उरणार नाही. हे वाक्य लिहिलं आणि पुन्हा वाचलं. खोडत नाही. उर्वीचा जीव आधी, बाकी नंतर.

मोरोपंतांनी समाजातल्या सगळ्या फोनवर पाठवायला मजकूर मागितलाय. इथे लिहिते, मग त्यांना वाचून दाखवते.

कारागिरांनो, मेळाव्यात तुम्ही माझ्या शब्दाला शब्द दिला होता. तो आज मागते. आपली एक लेक परक्यांच्या धाकाने स्वतःला कोंडून बसलीय. तिच्या मांडीवर आपल्या सगळ्यांचं काम आहे आणि ते दाराबाहेर पडू नये म्हणून कोणीतरी तिलाच कुलूप केलंय. ती नको म्हणेल. ऐकू नका. ती काचेतून हात जोडेल. पाहू नका. समिती दुपारी येणार आहे, आपण तिच्याआधी पोचायचं. उद्या धनत्रयोदशी, दुकानं उशिरा उघडा. सकाळी आठला उज्जैन रोडच्या कारखान्यावर या, येताना पहारी आणा आणि माझ्याबरोबर त्या काचखोलीचं दार फोडा.